हुरड्यात गेलेलं बियाणं

चार सालं पाऊस धड झाला की माणूस माजतो. आमचे हे तर जास्तच माजले. अमडापूरच्या आमच्या वावरात या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीन. मी मात्र हट्टानं धुऱ्याच्या, बांधाच्या कडेला ज्वारीच्या दोन ओळी पेरायची. त्या खाण्यासाठी नव्हत्या, बियाण्यासाठी होत्या.

सासूबाईंची ती ज्वारी, कमी पाण्यावर तग धरणारी. बहात्तरच्या दुष्काळात गावाची पिकं करपली, ही तेवढी आली, आणि तिच्याच भाकरीवर माझा नवरा जगला. जाताना सासूबाईंनी मला एवढंच बजावलं, "वलं साल येते, कोरडं साल येते, फिरून फिरून येते. हे बी मोडू नको, माय." जुनं बियाणं नीट उगवत नाही, म्हणून दरसाल पेरायचं आणि नवं गाडग्यात राखेत भरून ठेवायचं.

दोन वर्षांपूर्वी गाडग्यातल्या बियाण्याला सोंड्यांची कीड लागली. होतं नव्हतं ते निवडून सगळं पेरलं. कणसं काय भरली होती! मी माहेरी लोणारला गेले, आणि इकडे ह्यांनी चिखलीचे दोस्त हुरड्याला बोलावले. गोवऱ्यांच्या आरात कोवळी कणसं भाजली, तळहातावर चोळली, लसणाच्या चटणीसंगं हाणली. मी परतले तर धुऱ्यावर नुसते धांडे उभे. कोवळ्या दाण्याचं बी होत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला मी सांगायचं? मी भांडले, तर म्हणाले, काऊन एवढी तापून राह्यली, आता कुठं येते कोरडं साल. जळो ते तोंड.

यंदा पावसानं दडी मारली. सोयाबीन शेंगा धरायच्या आधीच वाळलं. टीव्हीवर सांगत होते की दूरचा समुद्र तापला की आपला पाऊस रुसतो, काही वर्षांनी हे होतच असतं. ह्यांनी तेवढंच धरलं. येईल त्याला ऐकवायचे, निसर्गाचं चक्र आहे, कोण काय करणार. माझं डोकं सणकायचं.

काल जेवायला बसता बसता म्हणाले, "आता ज्वारीच पेरा लागते. आईचं ते बी काढ बरं."

विसरलेसुद्धा होते! मी गाडगं आणलं आणि त्यांच्या ताटाशेजारी उपडं केलं. नुसती राख पडली.

"चक्र हाय म्हन्ता ना? मंग ते फिरून येते, हे तुमाले ठाऊक नोतं?"

ते राखेत बोटं फिरवत बसले. एक दाणा सापडला. तो आतून पोखरलेला होता.