दात पडला की मोडला?

“मॅडम, पेशंट वीस वर्षांपासून तंबाखूचा खर्रा खातो. असे दात आपोआपच पडतात. खरं की नाही?”

आरोपीच्या वकिलांचा हा प्रश्न मला होता. मी सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर. दारव्ह्याच्या कोर्टात साक्ष द्यायला उभी होते.

तो पेशंट म्हणजे समोर बसलेले सलीमभाई, बोरी अरब गावचे ट्रॅक्टर मेकॅनिक. पेरणीच्या दिवसांत एक गिऱ्हाईक अडून बसलं, माझा ट्रॅक्टर आधी कर. सलीमभाई म्हणाले, नंबरानं होईल. त्यानं लोखंडी पाना उचलला आणि त्यांच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, समोरचा दात गेला.

सगळी केस त्या दातावर होती. नुसता ओठ फाटला, तर कायद्यानं ती साधी दुखापत. मारानं दात मोडला, तर गंभीर दुखापत आणि शिक्षाही मोठी. म्हणून बचाव असा, की दात आधीच हलत होता.

सलीमभाईंना दवाखान्यात आणलं त्या दिवशी हवालदार घाईत होते.

“मॅडम, दात पडला, एवढं लिहून द्या.”

“पडला की मोडला, ते पाहून लिहिते.”

सलीमभाई रुमालाआडून कसेबसे बोलले, “हलत नव्हता, मॅडम. सकाळी त्याच दातानं वायर सोलून राह्यलो होतो.”

मी एक्स-रे काढला आणि रिपोर्टला जोडला.

आता कोर्टात मी म्हटलं, “खर्ऱ्यानं दात पडतात, खरं आहे.”

वकीलसाहेब न्यायाधीशांकडे पाहून हसले.

“पण सैल होऊन पडणारा दात मुळासकट येतो. यांच्या दाताचं मूळ हाडातच होतं. वरचा भाग मोडला.”

न्यायाधीशांनी एक्स-रे उजेडात धरला. “हे मूळ का?”

“हो, सर. भोवतालचं हाडही झिजलेलं नाही. म्हणजे दात पक्का होता.”

वकीलसाहेबांनी कागद चाळले. “आणखी प्रश्न नाहीत.”

मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरले.

गंभीर दुखापतीचा गुन्हा सिद्ध झाला. आरोपीला कैद झाली. सलीमभाई निकाल सांगायला दवाखान्यात आले.

“सारे म्हणत होते, मिटवून टाक. म्या नाही ऐकलं, मॅडम.” एवढं बोलून ते मोकळेपणानं हसले. त्या दिवशी मीही ओपीडीत उगाचच ताठ मानेनं फिरले.

नव्या डॉक्टरांना मी एकच सांगते. मारहाणीत काय गेलं, ते पेशंट सांगतो. काय उरलं, ते आपण पाहायचं आणि त्याच दिवशी लिहून ठेवायचं.