बावीस वर्षांत परत आलेला एकच फोटो

माझा मामा फोटोवाला आहे. लग्नाचे काढतो, बाळांचे काढतो, पण छाती फुगवून बोलतो ते फक्त पासपोर्ट फोटोंबद्दल. बावीस वर्षं एकच दुकान, एकच गोल स्टूल, मागे एकच पांढरा पडदा. आरशाला दोरीने बांधलेला कंगवा (कारण आधीचे सहा लोकांनी खिशात घालून नेले) आणि खिळ्यावर एक काळा कोट, जो शाळकरी पोरापासून पैलवानापर्यंत सगळ्यांना होतो. पैलवानाला मागून होत नाही, पण मागचं कोण बघतंय!

आणि मामाची ती सततची टकळी. "हनुवटी खाली. अजून. एवढी नाही हो, चोरी केलीय का? कान दिसू देत. हसू नका. रडू पण नका." मग खटॅक.

त्याचा एक नियम आहे. लग्नाच्या अल्बममध्ये तो काय वाट्टेल ते करतो. पुरळ घालवतो, टकलावर केस आणतो, एकदा तर भांडून गेलेल्या जावयाला अख्खा फोटोतून उडवला होता आणि त्याच्या जागी कुंडी ठेवली होती. पण सरकारी कागदावर लागणाऱ्या फोटोला हात लावायचा नाही म्हणजे नाही. कोणी म्हणालं, जरा गोरा करा, की मामा म्हणतो, "करतो की! मग तिकडचा साहेब गोऱ्या माणसाला शोधत बसेल आणि तुम्ही बसा बाहेर बाकावर." आणि लगेच पुढचं ठरलेलं वाक्य, "बावीस वर्षांत माझा एकही फोटो परत आलेला नाही."

हे वाक्य आमच्या घरात एवढ्या वेळा ऐकलंय की आई भाजी चिरता चिरता त्याच्या आधीच म्हणून टाकते.

आता मामाची बाई. म्हणजे प्रेयसी म्हणायला हवं, पण सत्तेचाळीस वर्षांच्या मामाला प्रेयसी आहे हे तोंडातून निघतच नाही, म्हणून मी तिला बसवाली म्हणते. ती तिच्या देशात शहरातली बस चालवते. चांगली लांबलचक, मधे घडी पडणारी बस. दीड वर्षापूर्वी ती एका सहलीबरोबर इथे आली होती, तिच्या वडिलांचा जुना रिळाचा कॅमेरा गळ्यात घालून, आणि तो पहिल्याच दिवशी अडकला. कोणीतरी तिला मामाच्या दुकानात पाठवलं. मामाने कॅमेरा उघडला, स्प्रिंग काढली, स्प्रिंग खाली पडली, मग दोघं गुडघ्यावर बसून तासभर स्प्रिंग शोधत होते. झालं. सहलीचे उरलेले चार दिवस तिने एकही देखावा बघितला नाही. त्या गोल स्टुलावर बसून लोकांचे फोटो निघताना बघत होती.

दोघांचं इंग्रजी मोडकं आहे, पण दोघांचंही सारखंच मोडकं असल्यामुळे छान जमतं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मामा आमच्यासमोर तिला "मॅडम" म्हणतो. आम्ही मान वळवली की काय म्हणतो ते मला माहितीये पण मी सांगणार नाही.

तर आता तिला परत यायचं होतं. मागच्या वेळी सगळं सहलवाल्यांनी केलं होतं, या वेळी तिचा एकटीचा टुरिस्ट व्हिसा काढायचा होता. आणि तिच्या डेपोत रजा पाळीने मिळते. तिची पाळी वीस तारखेपासून तीन आठवडे. अठरापर्यंत व्हिसा आला नाही तर ती रजा दुसऱ्या ड्रायव्हरला, आणि हिचा नंबर पुन्हा सव्वा वर्षाने. सव्वा वर्ष! मला तर आमच्या कँटीनच्या रांगेत सव्वा मिनिट थांबवत नाही.

तिला ती वेबसाइट काही केल्या जमेना, म्हणून अर्ज इथून भरायचं ठरलं. भरणार अर्थात मी, कारण घरात सगळ्यात फास्ट मी टाइप करते. मामा शेजारी खुर्ची ओढून बसला. आई ओट्यापाशी, पण कान आमच्याकडे.

"इथे विचारलंय, बोलावणाऱ्याशी नातं काय," मी म्हणाले. "नातेवाईक, मित्र, व्यवसाय, इतर."

मामाचे कान लाल झाले. "इतर टाक."

"इतर काय मामा! मित्र टाकते."

"गिऱ्हाईक टाका," आई ओट्यावरून म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणूनच आली होती ना? कॅमेरा दुरुस्त झाला का तिचा?"

"झाला ताई. तेव्हाच झाला."

"मग आता काय बिघडलंय?"

मी इतकी हसले की पान टाइमआउट होऊन सगळं परत भरावं लागलं. राहण्याच्या पत्त्यावर पुन्हा अडलो. मामा दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो, तिथे एक खाट आणि अठरा ट्रायपॉड. मामाने तोच पत्ता सांगायला तोंड उघडलं आणि आई हात पुसत आली. "आपला पत्ता टाक गं. पाहुणी माझ्या घरी राहील. आणि तू," मामाकडे बोट, "तू जेवायला ये आणि जेवून जा." मामाने मुकाट्याने मान डोलावली. मोठी बहीण म्हणजे काय ते त्याला एक वर्षाचा असल्यापासून माहितीये.

आमंत्रणाचं पत्र मी लिहिलं. दोन पानं. स्प्रिंगची गोष्ट घातली, सव्वा वर्षाचं घातलं, शेवटी शेवटी माझेच डोळे भरून आले. मामाने वाचलं आणि चार ओळी ठेवल्या. "अगं पोरी, साहेबाला शिक्का मारायचाय, रडायचं नाहीये."

फोटो मामाकडे होता. तिने घरच्या भिंतीपुढे काढून पाठवला होता, मामा म्हणाला मी मापात कापून देतो, फोटो माझं खातं. तासाभराने त्याने मला पाठवला. तिच्या पासपोर्टची प्रत माझ्याकडे आधीच होती. दोन्ही एकामागोमाग चढवले. काहीतरी वेगळं दिसलं मला, खोटं कशाला बोलू, दिसलं. पण मला वाटलं, वा, काय छान दिसतेय ही! आणि बटण दाबलं.

आठ दिवसांनी, दहा तारखेला, मेल आला. मी कॉलेजच्या जिन्यात वाचला आणि तिथेच खाली बसले. "अर्जदाराचा फोटो पासपोर्टवरील चेहऱ्याशी जुळत नाही. तीन दिवसांत नवा, कोणताही बदल न केलेला फोटो द्यावा. अन्यथा अर्ज बंद करण्यात येईल."

तास बुडवून पळत दुकानात गेले. मामा एका आजोबांची हनुवटी खाली करत होता. मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्याने वाचलं. परत वाचलं. मग आजोबांना म्हणाला, "काका, तुम्ही उद्या या." आजोबा म्हणाले, "का, माझी हनुवटी चांगली नाही?" मामाने उत्तरच दिलं नाही. मामाने! म्हणजे बघा.

मग मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पासपोर्टमध्ये तिच्या डाव्या गालावर कानापासून खाली जबड्यापर्यंत टाक्यांची खूण आहे. चांगली ठसठशीत. मामाच्या फोटोत गाल बाळासारखा.

"मामा, तू हात लावलास?"

तो स्टुलावर बसला, गिऱ्हाइकाच्या जागी. "ती कॉलवर कायम उजवा गाल इकडे करून बसते," तो म्हणाला. "दीड वर्ष. एकदाही डावीकडून दिसली नाही. मला वाटलं तिला ते आवडत नसणार. लपवते. म्हटलं, हा फोटो कोणकोण बघणार, तिला बरं वाटेल."

"पण तुझा नियम?"

"नियम गिऱ्हाइकाला असतो गं."

एवढ्यात आई आली, मी रस्त्यातूनच तिला फोन करून रडले होते ना. तिने पडद्यावरचे दोन्ही फोटो पाहिले आणि कमरेवर हात ठेवला. मला वाटलं आता मामाची खैर नाही, पण ती वेगळ्याच गोष्टीवर पेटली.

"हिची खूण काढलीस? आणि माझी?" आईच्या भुवईवर एक खोक आहे, लहानपणीची. "माझे किती फोटो काढलेस रे आजपर्यंत? एकातून तरी ही काढलीस? आणि ही केली कोणी? पाटी फेकून मारली होतीस मला!"

"ताई, तुझे फोटो सरकारी कागदावरचे होते..."

"माझ्या लग्नाचा अल्बम पण सरकारी कागदावरचा होता का?"

 दुकानात आता दोन बायका त्याच्यावर चिडलेल्या आणि तिसरीला अजून काही कळलेलंच नव्हतं. तिला कळवणं भाग होतं, कारण नवा फोटो तिच्याचकडून यायला हवा होता.

"तू लिही," मामा मला म्हणाला, "लिही की फोटोत काही तांत्रिक अडचण आली. उजेड कमी होता. पुन्हा एक पाठव."

मी टाइप करायला लागले. तो बोलत होता, वेबसाइटला फाइल मोठी वाटली असंही घाल, आणि माझी बोटं चालली होती. तो थांबला तेव्हा मी म्हणाले, "पाठवलं."

"बघू."

मी लिहिलं होतं, मामाने तुझ्या गालावरची खूण पुसली, त्याला वाटलं तुला आवडत नाही, म्हणून फोटो परत आला, मामाला खूप वाईट वाटतंय आणि तो तुझ्याशी खोटं बोलणार होता पण मी बोलू दिलं नाही.

मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मी आईच्या मागे गेले. आई म्हणाली, "बरोबर केलंस," आणि मग हळूच, "शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं."

तीन तास उत्तर नाही. बस चालवताना ती फोन बघत नाही हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही दर दोन मिनिटांनी फोन बघत होतो. मामाने त्या वेळात काळ्या कोटाची तीन बटणं शिवली. बटणं तुटलेली नव्हती, त्याने आधी ती कापली आणि मग शिवली. मी पाहिलंय. एकदा म्हणाला, "आता ती म्हणेल, येतच नाही." 

मग व्हिडिओ कॉल आला. डेपोत होती, वर्दीत, मागे बसेस. पुन्हा उजवा गाल आमच्याकडे.

"मला तो फोटो दाखव," ती म्हणाली. मामाने दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "ही कोण आहे?"

मामाने फोटो खाली घेतला.

"ही खूण बसच्या दाराची आहे," ती म्हणाली. "शिकत होते तेव्हाची. पहिला महिना. सगळे म्हणाले, सोड आता, बाईचं काम नाही. मी टाके घालून दुसऱ्या दिवशी परत गेले. अकरा वर्षं झाली. ते सगळे सोडून गेले, मी आहे. आणि तू ती पुसलीस."

"सॉरी," मामा म्हणाला. मग एकदम, धीर करून, "पण तू कायम अशी वळून का बसतेस?"

ती गोंधळली. "तूच सांगितलंस ना!"

"मी?"

"पहिल्या दिवशी. तुझ्या दुकानात. स्टुलावर बसले तर म्हणालास, तोंड दाराकडे, उजेड तिकडून येतो, अशीच बैस, छान दिसतेस. मी दीड वर्ष अशी बसतेय. मान दुखते माझी!"

आई पदरात तोंड घालून हसायला लागली. हसता हसता तिने मामाच्या पाठीत धपाटा घातला. "दीड वर्ष तिला अवघडून बसवलंस रे बाबा!" आणि मामा, जो दिवसाला चाळीस लोकांना वळवतो आणि कोणाला काय सांगितलं ते विसरून जातो, तो वेड्यासारखा पडद्याकडे बघत होता.

"सरळ बस," तो शेवटी म्हणाला. "समोर बघ."

नवा फोटो तिथेच काढला. बसच्या पांढऱ्या अंगासमोर ती उभी, तिच्या मैत्रिणीच्या हातात फोन, आणि मामा दुसऱ्या फोनवरून, "हनुवटी खाली. कान दिसू देत. हसू नको." ती हसली. तो फोटो बाद. परत हसली. बाद. नवव्याला नीट आला. मापात मी कापला. मामा शेजारी बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. खरंच, शाळेतल्या पोरासारखा. चढवायच्या आधी या वेळी मी थांबले, पासपोर्ट शेजारी लावला आणि टाके मोजले. सात इकडे, सात तिकडे. मग बटण दाबलं.

सतराला व्हिसा आला. मी वर्गात किंचाळले आणि मला बाहेर काढलं, गेलेच असते मी तशीही. त्या कागदावरचा तिचा फोटो एवढासा, डागाळलेला, काळपट, पण खूण दिसते. मामाने तो भिंगाखाली धरून इतका वेळ बघितला की एक गिऱ्हाईक कंटाळून स्वतःच कोट घालून बसलं.

एकवीसला आम्ही तिघं तिला आणायला गेलो. ती बाहेर आली, मामाला बघितलं, सामान सोडलं, आणि दोघं नुसते एकमेकांसमोर उभे. मला वाटलं काहीतरी बोला रे! शेवटी मामाने तिच्या वडिलांचा कॅमेरा तिच्या गळ्यातून काढून घेतला आणि डोळ्याला लावला. ती सवयीने वळली, उजवा गाल पुढे.

"समोर," मामा म्हणाला.

ती समोर बघून हसली. मामाने हसू दिलं.

मग आई पुढे झाली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, केस मागे सारून भुवईवरची खोक चांगली उघडी केली. "आता आमचा दोघींचा घे," ती म्हणाली. "आणि ऐक, खुणा राहू देत. पण माझ्या सुरकुत्या काढल्यास तरी चालतील. मला कुठे व्हिसा हवाय?"