कुरवंड्याची क्लॅरिनेट

सकाळच्या पॅसेंजरने पुणे सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर किल्लीचा ग्रामोफोन होता आणि पिशवीत एक तबकडी व माझ्या पुस्तकाची मुद्रितं. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी पेटीत काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, "जॅझ."

"पोटासाठी घेता का?"

मी हो म्हणालो. पुणेकरांना जॅझ समजावून सांगण्याचा नाद मी केव्हाच सोडला होता.

माझा पेशा इतिहासाचा. मावळातल्या देशमुखांचे मोडी कागद वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण विद्यार्थी असताना पुण्याच्या लष्कर भागातल्या जुन्या बाजारात मिळालेली एक तबकडी ऐकली आणि हे वेड मागे लागलं. पुढे पंधरा वर्षं एका साप्ताहिकात मी तबकड्यांची परीक्षणं लिहिली. मराठीत या विषयावर लिहिणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं, त्यामुळे माझं चुकलं असं म्हणणाराही कधी भेटला नाही. त्या परीक्षणांचं पुस्तक निघत होतं. आठ दिवसांत मुद्रितं परत द्यायची होती आणि नेमकं तेव्हाच लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून, तिथल्या शाळामास्तरांच्या अक्षरात, पत्र आलं.

मुंबईतल्या एका हॉटेलच्या बँडने युद्धाआधी काढलेल्या तबकडीबद्दल मी लिहिलं होतं, 'क्लॅरिनेट वाजवणारा निःसंशय कुणी परदेशी पाहुणा असावा. हा दम आपल्याकडचा नव्हे.' पत्रात म्हटलं होतं, 'ती क्लॅरिनेट मी वाजवली आहे. खात्री करायची असल्यास यावे. मिंगेल.'

बनावट वतनपत्रं मी ढिगाने पाहिली आहेत. पण कागद खोटा म्हणण्याआधी तो हातात घेऊन पाहावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. म्हणून निघालो. मिंगेलचा खोटेपणा दुपारपर्यंत उघड करून संध्याकाळच्या गाडीने परतायचं, असा माझा बेत होता.

लोणावळ्याच्या टांगेवाल्याने मला निम्म्या वाटेवर उतरवलं. पुढच्या चढाला त्याचा घोडा तयार नव्हता. भातं कापून झाली होती, खाचरांत पेंढ्या रचलेल्या होत्या. समोर नागफणीचा सुळका स्वच्छ दिसत होता. त्याच्या बाजूने कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटेवर मी मनातल्या मनात बैलांचे तांडे चालवत होतो, तेवढ्यात ग्रामोफोनचा पट्टा तुटला आणि पेटी धपकन खाली पडली.

बाजारात मोळी विकून परतणारी एक बाई मागून येत होती. तिने पेटी उचलली, डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि पेटी वर ठेवली.

"कुटं जायचं भाऊ?"

"मिंगेल म्हणून कुणी राहतात."

"काळ्या सनईवाला आबा व्हय? चला, वाटंतच हाय." ती ठकूबाई, वरच्या वाडीतली.

"वाजवतात का अजून?"

"न्हाई. छातीचं आपरेशन झालंय त्याचं. म्हून तर हवेसाटी हितं आला. पर माणूस लय चांगला."

वाजवतच नाहीत! मग खात्री कशी करायची? माझा विजय आता चालत माझ्याकडे येत होता.

मिंगेल पडवीत तांदूळ निवडत बसले होते. साठीचे, काटकुळे, स्वच्छ दाढी केलेले. ठकूबाईने पेटी उतरवली, तांब्याभर पाणी प्याली आणि वाडीकडे गेली.

मी लगेच मुद्द्यावर आलो. "त्या तबकडीवर तुमचं नाव नाही."

"बँडमास्तरचं आहे. आमची नावं कुणी विचारली नाहीत." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुम्हीपण नाही विचारली, प्रोफेसर."

मी पेटी उघडून किल्ली दिली. आपटूनही ग्रामोफोन शाबूत होता. मिंगेल आत जाऊन क्लॅरिनेट घेऊन आले. तिला वरचं तोंडच लावलेलं नव्हतं. नुसती नळी दोन्ही हातांत धरून त्यांनी डोळे मिटले. मी सुई टेकवली.

ती तबकडी मला सूर न् सूर पाठ होती. मी त्यांच्या बोटांकडे पाहत राहिलो. बोटं सुरांच्या मागे धावत नव्हती, सुरांबरोबर उठत-बसत होती. दोन आवर्तनं झाली. तिसऱ्यात एक सूर एकाएकी वर उसळतो आणि चिरकतो. त्या सुराच्या धाडसावर मी अर्धा स्तंभ लिहिला होता. तो आला आणि मिंगेलांची बोटं जिथल्या तिथे राहिली.

मी तबकडी थांबवली. "इथे तुमची बोटं हललीच नाहीत."

"कशाला हलतील? रीड फाटली." त्यांनी खिशातून वेताची एक पातळ पट्टी काढून दाखवली, ही क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधून फुंकायची. "सूर आपोआप उडाला. काचेमागून रेकॉर्डिंगवाला साहेब खुणा करत होता, थांबू नको. मग म्हटलं, वर गेलाच आहे तर वरूनच खाली येऊ."

"मी तर त्या सुरावर..."

"शाळेच्या मास्तरने वाचून दाखवलं. मी फार हसलो. तो सूर माझा नाही. त्याच्या पुढचे माझे."

अमुक सूर चुकून लागला, हे वाजवणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक असणार? आणि खोटं बोलणारा माणूस आपल्या वाट्याची स्तुती परत कशाला करील? मी हात जोडले. "माझं चुकलं," एवढंच मला सुचलं.

"आधी जेवा," ते म्हणाले.

आंबेमोहोराचा वाफाळता भात होता आणि त्यासोबत किसमूर (सुक्या मासळीची ओलं खोबरं घातलेली कोशिंबीर). आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही. मी दोनदा वाढून घेतलं. जेवताना त्यांनी त्या बँडमधल्या सगळ्यांची नावं सांगितली, आणि इतर बँडमध्ये कोण कोण होतं तेही. मी मुद्रितांच्या पाठीवर लिहून घेत राहिलो.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. पेन्सिल काढून मी परदेशी पाहुण्याचं ते वाक्य खोडलं आणि मिंगेलांचं नाव घातलं. तो अर्धा स्तंभ पुढच्या सुरांवर नव्याने लिहायचा होता. कामशेत गेलं, तळेगाव गेलं. सहज मागची पानं चाळली, तर आणखी सोळा ठिकाणी मी 'वादक बहुधा परदेशी' असं लिहिलेलं सापडलं. एकाही ठिकाणी पुरावा नव्हता. मोडी कागदावर असं विधान एखाद्या विद्यार्थ्याने केलं असतं, तर मी त्याचा प्रबंध परत पाठवला असता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्रकाकडे जाऊन छपाई थांबवली. तो बराच वेळ बोलत होता, मी ऐकून घेतलं. त्यानंतर वर्षभर माहीम, बांद्रा, पुण्याचं लष्कर, मडगाव असा त्या वादकांची घरं शोधत हिंडलो. कुणी अंथरुणाला खिळलेले होते, कुणाच्या फक्त बायका उरल्या होत्या. पुस्तक निघालं तेव्हा सोळांपैकी अकरा जागी नावं घालता आली. राहिलेल्या पाच जागी मी 'वादक अज्ञात, शोध चालू आहे' असं छापलं आहे.