लोरेटाची खुर्ची आणि रेजिसचा पाय

पिट्सबर्गच्या आमच्या चढावरच्या गल्लीत बर्फ पडला की एक वेगळाच कायदा लागू होतो. ज्याने फावड्याने गाडीपुरती जागा मोकळी केली, त्याने तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवायची. मग तो दिवसभर गावात उंडारला तरी जागा त्याचीच. खुर्ची हलवणाऱ्याच्या टायरचं पुढे काय होतं, ते आम्ही पाहुण्यांना सांगत नाही.

या कायद्याची स्वयंघोषित न्यायाधीश म्हणजे लोरेटा झुब्रित्स्की. जन्मभर शाळेची बस चालवल्यामुळे तिचं साधं 'गुड मॉर्निंग'सुद्धा मागच्या बाकापर्यंत पोचतं. समोरच्या रेजिसशी तिचं वैर कशावरून, हे दोघांनाही आता आठवत नाही, पण त्यात खंड नाही. यंदा मधुमेहाने रेजिस अंथरुणाला खिळला. पायाची जखम चिघळलेली. घरी येणाऱ्या नर्सने वेळेवर पट्टी बदलली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि नर्स सारखी दांडी मारायची.

"आळशी मेली!" लोरेटा म्हणायची. "मी अंगात ताप असताना बस काढलीय!"

अशात विद्यापीठातून अनिका नावाची अर्थशास्त्राची संशोधक आली. हिवाळाभर कोपऱ्यावर कुडकुडत ती आमच्या खुर्च्या न्याहाळत होती. लोरेटाने पहिल्याच दिवशी तिचा सत्कार केला, "खुर्च्या बघायचा पगार मिळतो होय गं? आमच्या करातून?"

पुढे ईस्टरआधीच्या उपवासाच्या एका शुक्रवारी, मटण वर्ज्य म्हणून चर्चच्या तळघरात सगळ्या गल्लीसाठी मासे तळले जात असताना, अनिका आपला निष्कर्ष सांगायला उभी राहिली.

"खुर्च्यांमुळे तुमची आपसातली भांडणं टळतात," ती म्हणाली. लोरेटाची मान ताठ झाली. "पण दिवसा निम्म्या जागा रिकाम्या पडतात. त्याची झळ बाहेरून येणाऱ्यांना बसते. घरोघरी जाणाऱ्या नर्सेस अशा गल्ल्यांत घिरट्या घालतात आणि वेळ संपली की पुढच्या रुग्णाकडे जातात. जिथे खुर्च्या नाहीत, तिथे त्यांच्या भेटी क्वचितच चुकतात."

"थापा!" लोरेटा गरजली. "कामचोर नर्स, आणि आळ माझ्या खुर्चीवर?"

रेजिसची बहीण जीनेट हातातल्या ताटासकट उठली. "लोरेटा, मंगळवारी एक निळी गाडी वर-खाली फिरत होती. मला वाटलं, कुणी वाट चुकलंय. आमच्या दारासमोर जागा होती. तुझी. तू बिंगो खेळायला गेली होतीस."

लोरेटा वरमली, असं मात्र समजू नका. ती अनिकावर उलटली.

"एवढं कळलं होतं, तर तोंड शिवून का बसलीस?"

"नर्सेसशी मी गेल्याच आठवड्यात बोलले."

"तोवर त्याचा पाय गेला असता, तर तुझ्या कागदावर छान शोभला असता!" आणि ताटातला मासा तसाच टाकून ती निघून गेली.

पुढच्या बर्फात लोरेटाची गाडी चढाच्या पायथ्याशी उभी होती, आणि मोकळ्या केलेल्या जागेत फावडं घेऊन ती स्वतः. हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाचा ती आईबापांसकट उद्धार करत होती. निळी गाडी दिसताच तिने हातवारे करून ती आत घेतली आणि नर्सला जवळजवळ ढकलतच रेजिसच्या दारात नेलं.

आतून रेजिस ओरडला, "जीनेट, त्या बयेला बाहेरच थांबव! सगळा बर्फ घरात आणेल!"

"नीट बघ गं त्याच्या पायाकडे," लोरेटा नर्सला म्हणाली. "आडव्या माणसाशी भांडायला मजा येत नाही."