रौहियाचं ऐकणारं मूल

रौहिया आमच्या अबू रैहान गावची नव्हे, दूरच्या मिन्याकडची. जन्मापासून बहिरी. तिचा नवरा मितवल्लीही जन्माचा बहिरा, पण तो आमचाच. आमच्याकडे बहिरं असणं म्हणजे उंच किंवा बुटकं असण्यासारखं. पिढ्यान्‌पिढ्या काकाच्या मुलीशीच लग्नं, त्यामुळे प्रत्येक घरात एखादं बहिरं माणूस, आणि हातांनी बोलायला साऱ्या गावाला येतं. रौहियाला मात्र सुरुवातीला आमचे हात कळेनात. तिच्या खुणा निराळ्या. मितवल्लीने तिला मूकबधिरांच्या शाळेत पाहिली आणि हट्टाने आणली.

"बहिरीच हवी होती तर काकाच्या घरात काय दुष्काळ होता?" त्याची आई इन्साफ सुनेच्या तोंडावर म्हणायची. सुनेला ओठ वाचता येतात हे तिला उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी मुलुखियाच्या पालेभाजीत मीठ जरा जास्तच पडलं होतं.

मग मुलगा झाला. आमच्या गावात आईबाप दोघंही बहिरे असले की मूल बहिरंच. आजवर तरी दुसरं काही कुणी पाहिलेलं नाही. सातव्या दिवशी बाळाला चाळणीत ठेवलं, मीठ उधळलं, आणि इन्साफने रिवाज म्हणून त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता बडवला. "आईचं ऐक रे, बापाचं ऐकू नकोस!"

बाळ दचकलं. हात फेकून रडायला लागलं. इन्साफने पुन्हा बडवला. पुन्हा तेच.

"अगं बाई, ऐकतंय की हे!" कुणीतरी म्हणालं, आणि जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मितवल्ली एकेकीच्या तोंडाकडे बघत हसत होता, काय झालं म्हणून विचारत होता. इन्साफने बत्ता खाली ठेवला आणि सुनेला हातांनी विचारलं, "हे कुणाचं?"

संध्याकाळी रौहिया माझ्याकडे आली. "बाई, सासूबाई म्हणतात, मूल घेऊन तुझ्या बापाकडे जा. आणि नवरा माझ्या हातांकडे बघतच नाही." बहिऱ्या माणसाने हातांकडे न बघणं म्हणजे आपण कानांत बोटं घालणं. "मी कुणाकडे गेले नाही, बाई. पण मग हे ऐकतं कसं? मलाच कळत नाही."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत आले, तरी घटकाभर माझंही डोकं चालेना. मग तिच्या त्या निराळ्या गावाचा विचार केला आणि उलगडा झाला. तशीच उठून तिला घेऊन त्यांच्या घरी गेले.

मितवल्ली अंगणात बसून खजुराच्या फांद्या तोडत होता. तो त्यांचे पेटारे विणतो. आमच्या खुणांमध्ये जनुकाला खूण नाही. म्हणून मी त्याचाच पेटारा पुढे ओढला. "हे बघ. ऐकणं म्हणजे हा पेटारा. प्रत्येक भोकात दोन काड्या, एक आईची, एक बापाची. एक धड असली तरी कोपरा टिकतो. धड काडी प्रभावी, मोडकी अप्रभावी, नुसती गप्प बसून राहते. दोन्ही मोडल्या तरच कोपरा सुटतो, आणि एक कोपरा सुटला की सगळा पेटारा कोसळतो."

"एका भोकात दोन काड्या कोण घालतं?" मितवल्ली म्हणाला.

"समज घातल्या! तुझा हा कोपरा सुटलाय, साऱ्या गावातल्या बहिऱ्यांचा हाच. रौहियाचा तो पलीकडचा. या कोपऱ्याला तिने धड काडी दिली, त्या कोपऱ्याला तू. पोराचा पेटारा उभा राहिला."

"म्हणजे दोन नासक्या अंड्यांतून एक धड कोंबडा?" इन्साफ म्हणाली.

"हो! वेगवेगळ्या जागी नासलेली असली तर." बोलून झाल्यावर मलाच ते पटेना.

"आणि याला बायको म्हणून काकाची नात केली तर?"

"तर पोरं बहिरी होऊ शकतील."

"या ऐकणाऱ्याची?"

"हो."

"मग याने ऐकून उपयोग काय?"

मी कपाळाला हात लावला. "शंका असेल तर सोहागच्या इस्पितळात जाऊन तिघांचं रक्त तपासून घ्या. पण तिला घालवू नका."

मितवल्लीने खांदे उडवले आणि कोयता उचलून फांदीवर हाणला. रौहियाच्या कुशीतलं पोर टुणकन उडालं. त्याने ते पाहिलं. पुन्हा हाणला. पोर पुन्हा उडालं आणि रडायला लागलं. मितवल्ली कोयत्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "याचा आवाज होतो?"

"मोठा! सारी गल्ली कावलेली असते."

"मला कधी कुणी बोललं नाही."

रौहियाने एक हात मोकळा केला. "मला तरी कुठे माहीत होतं?"

आता तो तिच्या हाताकडेच बघत होता. मग त्याने विचारलं, "झोपतो कधी हा?"

तिने सांगितलं. त्याने फांद्या तोडायचा ओंडका खांद्यावर घेतला, फांद्यांचा भारा काखेत मारला आणि पार कालव्याच्या कडेला जाऊन बसला.

"अरे, कुठे चाललास?" इन्साफ त्याच्या पाठीमागे ओरडली, उगीचच. मग माझ्याकडे वळली. "बाई, त्याला कळलं का काही?"

"एक अक्षर नाही," मी म्हटलं. "सुनेला चहा टाकायला सांग."