फराळाचे डबे आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल

इंग्लंडला यायला मी कराड सोडलं त्या सकाळी अण्णा नळाच्या भांडणात अडकले होते. आपले वडील नगरपालिकेचे सभासद ना. दारात दोन आळ्यांची माणसं तावातावाने बोलत होती आणि माझी बॅग रिक्षात जाऊन बसली होती. एसटी चुकली तर मुंबईहून सुटणारं विमान चुकणार, म्हणून मी सारखी घड्याळ बघत होते. शेवटी भांडण तसंच टाकून अण्णा स्टँडवर धावत आले. शोभा, तू खिडकीखाली रडत होतीस आणि ते मला सांगत होते, "नव्या गावात आधी चार घरं जोड. दिवाळीला प्रत्येकाच्या दारात फराळ गेला पाहिजे." मला रागच आला. निघतानाही सल्लाच!

चार घरं जोडायला एका जागी राहायला तर हवं. ह्यांच्या हॉस्पिटलमधल्या नोकऱ्या कराराच्या. कार्डिफला पडदे शिवून होतात न होतात तोच मँचेस्टर, तिथून आणखी कुठे. शेवटी ह्यांना एका खेड्यात जीपीची, म्हणजे गावच्या डॉक्टरची, जागा मिळाली. गावाला डॉक्टर हवा होता आणि गोऱ्या डॉक्टरांना ते गाव नको होतं, म्हणून आमचं नशीब उघडलं. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुला नकाशात सापडायचं नाही. मेंढ्या, चर्च, पब, आणि आम्ही तेवढे सावळे.

तिथला कारभार समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. कचऱ्याचा डबा डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याचा, तो ज्या रस्त्यावर ठेवायचा तो रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आणि रस्त्याकडेचा बाक आमच्या गावच्या पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे ग्रामपंचायतीचा. डबा बाकाला टेकला तर कुणाकडे तक्रार करायची, हे देवालाच ठाऊक. डिस्ट्रिक्टचे कौन्सिलर म्हणजे शेतकरी, निवृत्त लष्करी अधिकारी, एक पबवाला. निम्म्यांना पक्षच नव्हता, ते स्वतःला इंडिपेंडंट म्हणवत. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पक्ष नाही? मग भांडतात कशावरून?" भांडायचे झाडांवरून, कुंपणांवरून आणि गाड्या कुठे लावाव्यात यावरून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते भांडण आमच्या दारात आलं. ह्यांची सर्जरी, म्हणजे दवाखाना, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर होती. घरमालक वारले आणि मुलांना घर विकायचं होतं. गावात दुसरी जागा एकच, बंद पडलेली शाळा. तिचा दवाखाना करायला डिस्ट्रिक्टच्या प्लॅनिंग कमिटीची परवानगी लागणार होती. ती मिळाली नाही तर दवाखाना बाजाराच्या गावातल्या मोठ्या सर्जरीत विलीन होणार, तिथे ह्यांना जागा नव्हती, आणि आमची पुन्हा बांधाबांध. मीरा तेव्हा प्रायमरीत होती. खोकी दिसायच्या आधीच तिला वास लागला. "आई, परत नवी शाळा नाही हं," एवढंच म्हणाली. मी तिला शब्द दिला, आणि मग माझी झोप उडाली.

विरोध होता मिसेस क्रॉफ्ट यांचा. त्या शाळेसमोर राहायच्या आणि स्वतः कमिटीवर होत्या. अरुंद गल्लीत पेशंटच्या गाड्या येतील, हा त्यांचा मुद्दा. आमच्या बाजूने होते मिस्टर बेल, आमच्या भागाचे कौन्सिलर, मेंढ्यांचे मालक. "काळजी करू नका," ते मला म्हणाले होते, "मतं आहेत."

मीटिंगच्या आधी दिवाळी आली. लंडनमधल्या वेम्बलीच्या भारतीय दुकानांतून आणलेल्या बेसनाचे लाडू वळले, चकल्या तळल्या, आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरून ओळखीच्या सगळ्या कौन्सिलरांच्या घरी पोचवले. मिसेस क्रॉफ्टना दिला नाही. मलाही स्वभाव आहे.

ह्यांची ड्यूटी होती, म्हणून मीटिंगला मी एकटीच गेले. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. चेअरमननी विचारलं, "कुणाला डिक्लरेशन ऑफ इंटरेस्ट?" म्हणजे विषयाशी कुणाचा काही संबंध असेल तर त्याने तो सांगायचा आणि बाहेर जायचं. मिस्टर बेल उठले. "अर्जदाराच्या घरून मला मिठाईचा डबा आला आहे," ते म्हणाले आणि निघून गेले. मग पबवाला उठला. मग निवृत्त मेजर. एकेक करून आमची सगळी माणसं दाराबाहेर गेली. शाळेसमोर घर असूनही मिसेस क्रॉफ्ट मात्र जागेवर बसल्या होत्या.

मी धावत कॉरिडॉरमध्ये गेले. तिथे सगळे कोट हातात घेऊन शाळेतल्या मुलांसारखे उभे होते.

"ती आमची दिवाळी होती!" मी जवळजवळ ओरडलेच. "लाच नव्हती!"

"ठाऊक आहे," मिस्टर बेल म्हणाले. "पण आम्ही मत दिलं असतं तर उद्या कुणीतरी डब्याची गोष्ट काढली असती. मिळालेली परवानगी गेली असती, आणि तुमच्या नवऱ्याचं नावही."

"आणि आता नाकारली तर?"

आतून खुर्च्यांचे आवाज आले, कुणीतरी खोकलं, मिसेस क्रॉफ्ट बराच वेळ बोलत राहिल्या. मला मीराचा चेहरा दिसत होता. अण्णांचा इतका संताप आला होता की ते समोर असते तर भांडलेच असते. मेजर हळूच म्हणाले, "त्या कुरकुरीत चक्राकार गोष्टी अप्रतिम होत्या." मला रडू कोसळलं.

मतं समसमान पडली. चेअरमनना मी ओळखत नव्हते, त्यांच्याकडे डबा गेलेला नव्हता. त्यांनी आपलं जादा मत आमच्या बाजूने टाकलं. गाड्या मागच्या अंगणात लावायच्या, ही अट घालून. मिसेस क्रॉफ्टनी शेवटपर्यंत विरोधात हात वर ठेवला, आणि नवा दवाखाना उघडला त्याच आठवड्यात खोकला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मीरा युनिव्हर्सिटीत गेली. पॅरिश कौन्सिलमध्ये एक जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. अण्णा तेव्हा नव्हते. त्यांना हे कळायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

शोभा, तू दर फोनला विचारतेस, "घरी कधी येणार?" मी तारखा सांगते आणि विषय बदलते. परवा आमच्या मीटिंगमध्ये एका पायवाटेचा विषय निघाला. चेअरमननी नेहमीचा प्रश्न विचारला. मी उठले, म्हणाले, "ही वाट माझ्या घराला लागून जाते," आणि बाहेर आले. दार लागलं. आत लोक माझ्या कुंपणाबद्दल, माझ्या सफरचंदाच्या झाडाबद्दल बोलत होते आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. इतक्या वर्षांत या देशात मी पुष्कळदा दाराबाहेर उभी राहिले आहे. या वेळी मला बाहेर जावं लागलं, कारण ते घर माझं होतं.