कोयतेवाल्या जिजी

माझ्या चुलत सासूबाईंना सगळे जिजी म्हणत. त्यांच्या कंबरेला कायम कोयता खोचलेला असे. हातभर लांब, काळपट पोलादाचा. बाईमाणसाकडे असला कोयता कुंभार पिंपळगावात दुसरा नव्हता. नवरा गेल्यावर आठ शेळ्या आणि बांधावरच्या बाभळी, एवढाच त्यांचा संसार उरला होता.

सकाळी आडाजवळच्या दगडावर त्या कोयता पाजवत. दगडावर पाणी शिंपडायचं, पातं जरासं तिरपं धरायचं आणि एकाच दाबाने ओढत राहायचं. मी एकदा भराभर घासायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "जल्दी करू नको, पोरी. घाईनं आलेली धार टिकत न्हाई." मग ज्वारीचं हिरवं पान धरून त्यावर पातं नुसतं टेकवायच्या. पानाचे दोन तुकडे झाले की पात्याला करडीचं तेल पुसायच्या. नाहीतर पावसाळ्यात त्या पोलादाला एका रात्रीत गंज चढे.

शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या तोडताना त्यांचा पाय कधी घावाच्या वाटेत नसे. "धारेचा कोयता लाकडात शिरतो," त्या सांगत. "बोथट असला की घसरून अंगावर येतो."

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा उन्हाळा. गावोगावी धास्ती होती. एक दिवस दवंडी पिटली : हातभर लांबीचं प्रत्येक पातं चावडीवर जमा करा. जिजी स्वतः गेल्या. पोलीस पाटलांसमोर कोयता ठेवून म्हणाल्या, "मंग बाभळी काय दातानं तोडू, पाटील?" पाटलांनी कोयता उचलून ढिगात टाकला.

तिसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात उभ्या. "तुमचा बारका कोयता हाय का गं?"

तो सरपणाचा कोयता. वर्षभरात मी त्याला दगड दाखवला नव्हता. म्हणाले, "थांबा जिजी, धार लावून देते."

त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं. "राहू दे. शेळ्या कालपासून उपाशी वरडून राह्यल्यात."

आणि मी राहू दिलं.

दुपारी त्यांना बाजेवर घालून आणलं. कोयता फांदीवरून घसरून नडगीत बसला होता. जखमेत हळद भरून पट्टी बांधली. मी पायाशी बसून रडत होते, तर म्हणाल्या, "माझा हात चुकला. तुझा काय संबंध?" त्यांचा हात चुकत नसे, हे मला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी जबडा आवळला. धनुर्वात. ओल्या फडक्याने ओठ भिजवायचे, एवढंच माझ्या हाती राहिलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

शेळ्या भावकीने वाटून घेतल्या. कोयता कुणाच्या घरचा होता, ते दहाव्याला, तेराव्याला किंवा पुढे कधीही माझ्यासमोर कुणी काढलं नाही. माहीत मात्र गावभर होतं.